थोडं डावीकडे सरक

तो फोटो माझ्याकडे नाही. तो एका अनोळखी कुटुंबाच्या फोनमध्ये आहे, मी फक्त काढला. सेल्युलर जेलचं फाशीघर, सकाळचे अकरा, आणि अंदमानची ती हवा, जिच्यात अंगातला शर्ट स्वतःचा न वाटता कुणीतरी भिजवून पाठीवर चिकटवल्यासारखा वाटतो. दारातून एका वेळी सात-आठ माणसं आत जात होती. आत तुळई, तुळईला एका ओळीत तीन फास. दोर अर्थातच नवे, पर्यटकांसाठी टांगलेले, एकही धागा निसटलेला नाही. मागे कुणीतरी मराठीत बोलतंय हे ऐकून एका गृहस्थांनी, परमुलखात भेटलेल्या आपल्या माणसाला देतात तितक्या हक्काने, फोन माझ्या हातात दिला. "दादा, एक काढता का?" त्यांचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. गवती हॅट, हातात शहाळ्याची स्ट्रॉ, शहाळं कुठे गेलं होतं कोण जाणे. तो मधल्या फासाखाली जाऊन उभा राहिला. मी स्क्रीनमध्ये बघितलं तर हॅटमुळे फास झाकला जात होता. म्हणून मी म्हणालो, "बाळा, थोडं डावीकडे सरक."

तो सरकला. फास छान दिसायला लागला. मी तीन फोटो काढले, एक आडवासुद्धा.

फोन परत करताना मुलाने वर बघत विचारलं, "बाबा, ह्यांनी काय केलं होतं?" "देशासाठी फासावर गेले ते." "सगळेच?" वडील क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सगळेच. चल, आई बाहेर थांबलीय." आणि जाता जाता त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मोठ्या माणसांनी आपसात हलवावी तशी. मीही हलवली.

मी त्या मुलाला सरकायला सांगितलं याचं मला वाईट वाटलं असं म्हणायला हरकत नाही, पण ते वाईट वाटणं नंतरचं, रात्री हॉटेलच्या खोलीत पंख्याखाली पडल्यावरचं. त्या क्षणी फक्त चौकट नीट बसल्याचं समाधान होतं. तेच समाधान मी आधीही एकदा अनुभवलंय. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये क्रांतिकारकांवर नाटुकलं बसवलं होतं. फासावर जाणाऱ्याच्या भूमिकेसाठी वर्गात भांडणं लागली होती. सगळ्यांनाच मरायचं होतं, मरायच्या आधी दोन ओळींचं भाषण होतं ना. जल्लादाला मात्र कुणी मिळेना. मी उंच होतो, म्हणून बाईंनी मला उभं केलं. रस्सीखेचीचा दोर आणला होता, त्याला शाळेच्या मैदानातल्या मातीचा वास होता. माझं काम एवढंच की शेवटच्या 'वंदे मातरम्'ला खटका ओढल्यासारखं करायचं आणि दिवे गेले की बाजूला व्हायचं. मी ते फार मन लावून केलं. आई म्हणाली होती, तू उभा छान राहिलास. त्या नाटकातल्या हुतात्म्याचं नाव मला अजून आठवतं. जल्लादाला नाव नव्हतंच, संहितेत नुसतं 'जल्लाद' असं होतं.

'सगळेच?' हा शब्द मात्र त्या दिवशी माझ्यामागे लागला. कारण खरं उत्तर मला साधारण माहीत होतं आणि मी ते दिलं नव्हतं. जेलमध्ये संगमरवरावर कोरलेली नावं आपण वाचतो, त्या राजबंद्यांनी तिथे जे सोसलं त्याची साधनं वेगळी होती. कोलू होता, त्यातून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं. छिलका कुटून काथ्या काढायचा. उभ्या बेड्या होत्या. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीतच अंगावरच्या कपड्याच्या चिंध्यांचा फास करून जीव दिला. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नमोदास गेले, ते नाकातून नळी घालून बळजबरीने दूध पाजताना. सावरकर बंधू तिथे वर्षानुवर्षं राहिले, ते मराठी वाचकाला मी काय सांगणार. आपल्याला पाठ असलेली ही नावं त्या तुळईला टांगलेली नव्हती. त्या तुळईखाली जे उभे राहिले त्यांत काळ्या पाण्यावर आल्यावर कुणाचा तरी खून केलेले होते. वॉर्डरचा, टिंडालचा, शेजारच्या फळीवर झोपणाऱ्याचा.

आणि तिथे कायदा फार सरळ होता. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर फाशीच. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता. भारतीय दंड संहितेचं हे ३०३ वं कलम आपणही स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं सांभाळलं, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. एखाद्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक जण आधीच शिक्षा झालेला असेल, पहारेकरीसुद्धा कैद्यांतूनच वर चढवलेले असतील, जमादार कैदी, टिंडाल कैदी, पेटी ऑफिसर कैदी, तर तिथे या कलमाचा अर्थ काय होत असेल याचा मी विचार करतो. माणसाला समुद्रापलीकडे आणून सोडलं, त्याचं सगळं काढून घेतलं, गळ्यात नंबराची लाकडी पट्टी अडकवली. आता याला अजून धाक कसला दाखवायचा? दोरच उरतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चॅथमला गेलो. ते छोटंसं बेट आता पुलाने जोडलेलं आहे आणि तिथे १८८३ पासूनची सरकारी सॉ मिल आहे. आत शिरल्याबरोबर पडौकच्या लाल लाकडाच्या भुशाचा वास नाकात बसतो, गोडसर, थोडा औषधी. बायको म्हणाली, शिसपेन्सिलीला टोक केल्यासारखा वास येतो नाही? करवती चालू होत्या त्यामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं. गाईड जपानी बॉम्बने पडलेला खड्डा दाखवत होता. मी मनातल्या मनात १८५८ चा मार्च शोधत होतो. डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा पूर्वी आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक. १० मार्चला तो 'सेमिरामिस' जहाजातून दोनशे कैद्यांचं पहिलं चलान घेऊन पोर्ट ब्लेअरला आला आणि पहिला मुक्काम याच चॅथमवर पडला. सत्तावनच्या उठावातले शिपाई, त्यांना मदत केल्याचा संशय असलेले, आणखी कोणकोण. जंगल तोडायचं, चिखल तुडवायचा, रात्री हिवतापाने कुडकुडायचं. आल्यानंतर चार-पाच दिवसांतच नारायण नावाचा एक जण इथून समुद्रात शिरून पळाला. पकडून आणला आणि फाशी दिली. या वसाहतीतली ही पहिली फाशी, आणि गुन्हा काय, तर तिथे राहायचं नव्हतं.

मग जूनमधला हिशेब आहे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातली बेरीज-वजाबाकी कागदावर करून बघितली होती, दुकानदाराच्या बिलावर विश्वास नसल्यासारखी. तीन महिन्यांत एकूण आले ७७३. रुग्णालयात मेले ६४. पळाले आणि परत सापडले नाहीत असे १४०. आत्महत्या १. पळून गेल्याबद्दल फाशी दिलेले ८७. शिल्लक ४८१. हिशेब बरोबर जुळतो. शिल्लक हा शब्द माझा आहे, पण त्या आकड्यांच्या रांगेला तोच शोभतो. ८७ पैकी ऐंशीच्या वर माणसं एकाच दिवशी लटकवली. हा आकडा उच्चारायला सोपा आहे, म्हणून मी तो थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ऐंशी माणसं म्हणजे एक एसटी भरून, वर दाटीवाटीने उभे राहिलेले. तेव्हा फाशीघर नावाची इमारत नव्हती. मग झाडं असतील, उभे केलेले वासे असतील. दोर किती लागले असतील, ते पुन्हापुन्हा वापरले असतील का, दुपारी जेवणाची सुट्टी झाली असेल का, बाकीच्यांना ओळीत बसवून बघायला लावलं असेल का. असले प्रश्न मनात येतात आणि आपलीच लाज वाटते. कलकत्त्याच्या सरकारलाही हे जास्त झालं. पळण्यासाठी फाशी देणं थांबवा, असं वॉकरला कळवावं लागलं. तोवर ८७ झाले होते.

ते पळत कुठे होते, ही गोष्ट तर मला कित्येक दिवस झोपू देत नव्हती. दूधनाथ तिवारी नावाचा बंडातला शिपाई एप्रिलमध्ये रॉस बेटावरून मोठ्या टोळीबरोबर पळाला. पुढे त्याने जे सांगितलं त्यावरून कळतं की त्यांना कुणीतरी पटवलं होतं, समोरच्या जंगलातून दहा दिवस चाललं की ब्रह्मदेश लागतो आणि तिथला राजा आपल्याला नोकरीत घेईल. दहा दिवस. म्हणजे पंढरीच्या वारीपेक्षाही कमी! मध्ये शेकडो किलोमीटर समुद्र आहे हे त्यांच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते उपाशीतापाशी चालत राहिले, मग अंदमानी लोकांचे बाण आले. बाकीचे मेले. जखमी दूधनाथला मात्र त्या लोकांनी ठेवून घेतलं आणि तो वर्षभर त्यांच्यात राहिला, त्यांच्यातच त्याने संसार केला. आणि मे १८५९ मध्ये ते इंग्रजांच्या वस्तीवर चालून जाणार हे कळल्यावर तो पळून परत आला आणि इंग्रजांना खबर देऊन मोकळा झाला. अंदमानी लोक बंदुकांपुढे पडले. पोर्ट ब्लेअरला त्यांचं स्मारक आहे. दूधनाथला माफी मिळाली, तो घरी गेला. त्याच्यावर रागवावं की काय करावं हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. पळाला म्हणून मरायला हवा होता, तो एका फितुरीवर सुटला. त्याचं नाव राहिलं. फासावरच्या ८७ जणांतलं मला एक नारायण सोडला तर कुणाचंही नाव सांगता येणार नाही, आणि नारायणचंही आडनाव कुठे सापडतं, कुठे नाही.

व्हायपरला जाणारी बोट दुपारची होती. डिझेलचा धूर, बाकांवर उन्हाने तापलेलं रेक्झिन, आणि कडेने तिवरांची गच्च हिरवळ. शेजारच्या काकू भेळ खात होत्या आणि प्रत्येकाला विचारत होत्या, घ्या ना, घ्या. बेटाचं नाव सापावरून पडलं असेल असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटायचं; ते आहे आर्चिबाल्ड ब्लेअरच्या जहाजावरून, तो १७८९ मध्ये इथे आला होता. पुढे १८६० च्या दशकात साखळदंडातल्या कैद्यांसाठी इथे तुरुंग बांधला. सेल्युलर जेल खूप नंतरचं, विसाव्या शतकाच्या तोंडावरचं. व्हायपरवर उतरलं की पायऱ्या चढून टेकडीवर जायचं आणि वर लाल विटांची, घुमटाची एक छोटी इमारत. लांबून मला ती एखाद्या गावाबाहेरच्या देवळीसारखी वाटली, जिथे वाटसरूने चपला काढून दोन मिनिटं टेकावं. आत फाशीची तुळई होती. टेकडीच्या माथ्यावर का, हे वर गेल्यावर कळतं. चारी बाजूंनी खाडी दिसते, म्हणजे खाडीतूनही वरचं सगळं दिसत असणार.

इथे शेर अली आफ्रिदीला ११ मार्च १८७२ ला फाशी दिली. आमच्या गाईडने हे नाव घेताना आवाज चढवला आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत आणि मग वाटलं, का नाही वाजवल्या? शेर अलीचं आधीचं आयुष्य असं : खैबरकडचा पठाण, इंग्रजांच्याच घोडेस्वार पोलिसांत नोकरी, पेशावरच्या कमिशनरकडे अर्दली. भाऊबंदकीच्या वैरातून पेशावरात एकाचा खून केला. फाशी झाली होती ती बदलून जन्मठेप आणि काळं पाणी. वागणूक चांगली म्हणून इथे त्याला न्हाव्याचं काम मिळालं, थोडीफार मोकळीक मिळाली. ८ फेब्रुवारी १८७२ ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वसाहत बघायला आला. दिवसा तो व्हायपरला येऊन गेला, तिथे खतरनाक कैदी म्हणून कडेकोट पहारा होता. संध्याकाळी माउंट हॅरिएटवर सूर्यास्त बघायला चढला. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर जे नारळाचं झाड आणि समुद्र असायचा तो देखावा याच डोंगरावरचा. खाली उतरेपर्यंत अंधार पडला. होपटाउनच्या धक्क्यावर मशालींच्या उजेडात शेर अलीने मागून झेप घेतली, हातात स्वयंपाकाची सुरी. कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारल्यावर तो म्हणाला, खुदाच्या. साथीदार कोण? माणसांत कुणी नाही, खुदा.

नागपुरात रिक्षावाल्याला नुसतं 'मेयो' म्हटलं तरी तो बरोबर दवाखान्यात नेऊन सोडतो. शेर अलीच्या नावाचं माझ्या माहितीत काही नाही. मला त्याच्याबद्दल अडचण ही होते की मी आधी त्याचा दाखला तपासतो. देशासाठी मारलं की स्वतःच्या रागासाठी? पहिला खून कशासाठी होता? हळहळ वाटायच्या आधी माझ्या आत कुणी एक कारकून खुर्ची ओढून बसतो आणि कागदपत्रं मागतो. टाळ्या वाजवणाऱ्यांनी तो कारकून उठवून लावला होता, एवढाच फरक. त्यांचा शेर अली सोपा होता. माझा नव्हता म्हणून मी काही जास्त शहाणा ठरत नाही. शेर अलीचा एक फोटो आहे, फाशीच्या आधी काढलेला. बेड्या घातलेल्या अवस्थेत तो सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. त्या काळात फोटोला किती वेळ स्थिर राहावं लागायचं! तो न हलता थांबला आहे. कुणीतरी काळ्या कापडाखाली डोकं घालून त्यालाही सांगितलं असेल, जरा इकडे बघ, हात थोडे वर घे, बेड्या दिसू देत.

परतीच्या बोटीत काकूंची भेळ संपली होती. कागदाचा लगदा त्या मुठीत धरून बसल्या होत्या, समुद्रात टाकला नाही. ऊन कलल्यावर पाण्याचा रंग शाईसारखा झाला आणि मला लहानपणी ऐकलेलं आठवलं. आजी कुणावर चिडली की म्हणायची, "याला काळ्या पाण्यावर धाडा." मला वाटायचं तिथलं पाणी खरंच काळं असेल, विहिरीच्या तळासारखं. काळं नाही ते. सकाळी निळं असतं, दुपारी हिरवट, आणि इतकं स्वच्छ की धक्क्याजवळ तळाचे दगड दिसतात. ज्यांना उतरवलं त्यांनाही पहिल्या सकाळी हेच दिसलं असेल, आणि ते सुंदर आहे हे एखाद्याच्या मनात नक्की आलं असेल.

रात्री जेलमध्ये लाइट अँड साउंडचा कार्यक्रम होता. त्यात अंगणातला जुना पिंपळ बोलतो, त्याने सगळं पाहिलंय म्हणून. आवाज घुमत होता, लोक शांत होते, खुर्चीखाली डास चावत होते. मी पुढच्या रांगेत ती गवती हॅट बघितली. मुलगा वडिलांच्या खांद्यावर झोपला होता, तोंड उघडं टाकून. पिंपळाने त्या रात्री पुष्कळ नावं घेतली.

कार्यक्रम संपल्यावर दरवाजाशी गर्दीत आम्ही समोरासमोर आलो. वडिलांनी ओळखलं. "दादा, फोटो फार मस्त आलाय हां, स्टेटसला ठेवलाय." मुलगा अर्धवट जागा होऊन माझ्याकडे बघत होता. मला त्याच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. काही जणांनी खून केले होते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. काही जण नुसते घरी निघाले होते, वाट चुकीची होती. असं काहीसं. पण मागून लोक ढकलत होते, त्याच्या आईने त्याची हॅट नीट केली, आणि मी म्हणालो, "अरे वा, छान. मला पण पाठवा ना."

त्यांनी माझा नंबर घेतला. फोटो अजून आलेला नाही.